माथ्याखालची चार पावलं

आबा, शाळेच्या नव्या खोलीला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे. सरपंचांचा फोन आला तेव्हा मी कुपवाडला कारखान्यात होतो. यंत्रांच्या आवाजात ते ओरडून म्हणाले, "पाटीवर लिवतोय, हिमालयातल्या शिखराच्या माथ्यावर पाय ठेवणारे आपल्या गावचे पहिले जवान. बरोबर हाय न्हवं?" संध्याकाळी सांगतो, म्हणालो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे सांगायला मीच उरलो आहे.

तुम्ही माथ्यावर पाय ठेवला नव्हता. जाऊ शकत होतात, तरी चार पावलं अलीकडे थांबलात. सिक्कीमच्या त्या शिखरावर पहिल्यांदा चढलेल्यांनी तिथल्या लोकांना शब्द दिला होता की माथा देवाचा, त्यावर उभं राहायचं नाही. मागून आलेल्या बहुतेकांनी तो पाळला, तुमच्या पलटणीच्या तुकडीनेही. मला अजून दिसतं, परत आल्यावर हे तुम्ही पारावर बसून सांगता आहात, पायाच्या काळ्या पडलेल्या बोटांना पट्टी आहे. आपला डोंगर लाव्ह्याचे थर साचून झालेला, वरून सपाट, गुरं चरण्याजोगा. तिथला मात्र जमिनीच्या पोटात भाजून, दाबून वर ढकललेला, अजून उंचावणारा, अभ्रकाने चमकणारा. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग त्यावर अडतात, म्हणून बर्फ इतकं, की पावसाळ्याआधी मे महिन्यातच काय ती थोडे दिवस वाट उघडते. सगळे ऐकतात. मग एकजण विचारतो, "आन तितनंच मागारी आलासा? दर्शन न घेता?" आपल्याकडे देव डोंगराच्या माथ्यावर असतो. त्याच्या पायाशी पोचल्याशिवाय चढण पुरी होत नाही. "म्हंजे सगळ्या पायऱ्या चढून देवळाच्या दारातनं परत की वो, सुभेदार," दुसरा म्हणतो, आणि सगळा पार हसतो. तुम्ही हसत नाही. "माथा आपला नसतोय रं," एवढंच म्हणता.

मे महिना आईलाही दिलेला होता. तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन मिरजेचे डॉक्टर लगेच करा म्हणत होते. संक्रांतीला तुम्ही घरी आला होता, तेव्हा म्हणालात, "मे मदी सुट्टी घेतो. मी आल्याबिगर काय करू नगंस." ती थांबली. मामा न्यायला आले तर त्यांना तिने चहा पाजून परत पाठवलं. "त्यांनी सांगितलंय. आल्यावर बघू." तुम्ही सुट्टी सोडून तुकडीत नाव दिलंत. कुणी भाग पाडलं नव्हतं. हे तुम्हीच पारावर छाती काढून सांगितलंत. पाऊस लागल्यावर मामांनी तिला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं.

तुम्ही आलात त्या दुपारी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तुम्हाला वाढायला उठली. देवासाठी सोडलेल्या चार पावलांचं तुम्ही तिलाही सांगितलंत. तिने ताटात मीठ वाढलं. "बरं केलंसा. देवाला जागा ठिवलीसा." भाकरी थापत म्हणाली, "आमाला बी ठिवायची व्हती." तुम्ही जेवत राहिलात. दिवाळीच्या आत ती गेली.

तुम्ही चढायला गेलात याचा राग कधीच निवला. माणसाला चढावंसं वाटतं. पण तुम्हाला थांबता येत होतं, आबा. पातळ हवेत, बधिर डोक्याने, माथा समोर दिसत असताना, परक्या माणसांनी परक्या देवाला दिलेला शब्द तुम्ही पाळलात. आईला दिलेला तुमचा स्वतःचा होता.

मघाशी सरपंचांना फोन केला. बरोबर आहे, म्हणालो, माथ्यावर पाय ठेवला होता, तसंच लिहा. ते खूश झाले. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमचा मान वाढावा म्हणून मी तसं सांगितलं नाही. तुम्ही कुठे तरी थांबला होता, हे गावाच्या लक्षात राहू नये, एवढंच मला हवं होतं.