वजन नसलेली गाडी

रविवार, मे १९८८. घाटकोपर.

आज दादाला बळेच स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नेलं. साकीनाक्याला गाडी टेम्पोवर आदळून आईचा हात मोडला, तेव्हापासून त्याने स्टिअरिंग धरलेलं नाही. आईचा हात कधीच बरा झाला. हा मात्र...

वाटलं, खेळातली तरी चालवेल. बसला, पण प्रत्येक वळणावर ब्रेक. डावा पाय सारखा क्लच शोधत होता, जो तिथे नव्हताच.

"नुसती वळव रे," मी म्हटलं.

"वळताना अंग ओढलंच जात नाही. आपटली तरी परत रस्त्यावर. हिला वजनच नाही गं."

"मग बरंच ना?"

"मला भीती वाटली नाही. म्हणजे हे चालवणं नव्हे."

उगाच नेलं का मी त्याला? तो चाचपडणारा पाय डोळ्यांसमोरून जात नव्हता.

घरी आल्यावर तो खाली जाऊन गाडीत नुसताच बसला. आई पिशवी घेऊन उतरली, शेजारी बसली. "भाजी आणायचीय, चल," एवढंच म्हणाली. इंजिनचा आवाज आला तशी मी गॅलरीतून आत आले. बघवेना.

मघाशी आले दोघं. मेथी जून निघाली म्हणून आई त्याच्यावर चिडलीय.