जिन्यातली शीळ

मंगळवार, ४ मार्च

आज पुन्हा मधला तुकडा आठवला नाही!

सुरुवात येते, शेवट येतो. हे कामावरून आले की जिना चढताना शीळ घालायचे. तळमजल्यावर बारीक, दाराशी येईस्तोवर खणखणीत. सासूबाई म्हणायच्या, "आली गाडी, ताट घे." चाल ह्यांचीच, कुठल्या गाण्यातली नव्हे. म्हणजे आता ती फक्त माझ्याकडे आहे, आणि मधोमध विरत चाललीय. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. मधोमध विरलेल्या कापडाचं काय होतं ते मला कळतं.

बोटांत बसवली तर राहील. कीबोर्ड घ्यायचाच.

बुधवार, ५ मार्च

वाचनालयातून कीबोर्ड शिकायचं पुस्तक आणलं, चित्राचं पान फाटलेलं. कापायच्या टेबलावर कागद पसरून खडूनं पट्ट्या आखल्या आणि बोटं फिरवत बसले. तेवढ्यात नणंद आली.

"वहिनी, गिऱ्हाइकांच्या पँटी खोळंबल्यात आणि तू टेबलाला गुदगुल्या करतेस?"

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. हे गेल्यापासून कामापुरतंच बोलतात.

शनिवार, ८ मार्च

दुकानात गेले. आधी टेप काढून पट्टीची रुंदी मोजली. दुकानदार म्हणाला, "बाई, ह्याला सदरा शिवायचाय का?" हसा! स्वस्तातल्याच्या पट्ट्या लहान मुलांच्या बोटांच्या मापाच्या निघाल्या. दुसऱ्याला दिवे, वर शंभर गाणी तो आपणच वाजवतो. त्याची गाणी घेऊन मी काय करू?

माझ्या आखणीचा कागद दाखवला, तर तो पुन्हा हसला. मी प्रत्येक दोन पांढऱ्यांमध्ये एक काळी पट्टी आखली होती — काजं आखावीत तशी, समान अंतरावर! "दोन काळ्या, मग तीन. मध्ये जागा मोकळी सोडायची, बाई." सगळा सराव पाण्यात.

दोन्ही हळू दाबून पाहिले, जोरात दाबून पाहिले. आवाज तेवढाच! मग ह्यात जिना चढणार कसा?

तिसरा एक होता, साधा, कोपऱ्यात खरचटलेला. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. पण तो कुणीतरी आधीच सांगून ठेवलाय. सोमवारी कळेल.

रविवार, ९ मार्च

सकाळी शेवटही निसटला! भांडी घासताना परत आला. दिवसभर तोंडातल्या तोंडात गुणगुणत राहिले. गिऱ्हाईक काय बोललं, ऐकलंच नाही.

सोमवार, १० मार्च

मिळाला! तो माणूस फिरकलाच नाही. कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनसाठी बाजूला टाकलेले सगळे पैसे गेले.

नणंद म्हणाली, "दादा गेला आणि तुझं डोकंही घेऊन गेला." मग खोक्याचं दुसरं टोक तिनंच धरलं. जिन्याच्या वळणावर दोघी खोकं टेकवून उभ्या राहिलो. मग पुन्हा उचललं.

गुरुवार, २० मार्च

सुरुवात बसली. शेवट बसला. मध्ये खड्डा. नाना तऱ्हा करून पाहिल्या, सगळ्या परक्या वाटतात.

ह्यांचं हृदय अचानक बंद पडलं त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही त्रास जाणवायचा का? मी ठासून सांगितलं, छे! आदल्या दिवशीसुद्धा हे शीळ घालत जिना चढले. इतकं रोज कान देऊन ऐकणारी मी. मग मधला तुकडा गेला कुठे?

रविवार, २३ मार्च

सुरुवात वाजवली. खड्ड्याशी हात थांबले, डोळे भरले. पदरानं पुसले आणि तशीच शेवटावर गेले.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "अगदी तस्संच."

"नाही हो आई, मधलं राहिलंय."

"मधलं कुठे होतं गं? वळणावर थांबायचा तो. दम लागायचा."