नेव टुलीचे दोन तास

शुक्रवार, ७ जून २०१९. करी करी

आले! दरवर्षीची चाहत्यांची वरात क्लबात येऊन धडकली. तीस-चाळीस टकले, पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट आणि त्यावर माझ्या भावाचं, नेवचं, तोंड. 'कोल लोडर्स' बँडने पहिलं गाणं ज्या भिंतीपाशी वाजवलं म्हणे, तिला हात लावून डोळे पुसतात. ती भिंत ब्याऐंशी साली बांधली! मी सांगत नाही.

मी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. लग्नानंतरचं आडनाव कामी येतं. मी आपली स्वयंपाकघरातली बेरिल, चिकन तळून देणारी.

शनिवार, ८ जून

दिवसभर एकच दळण. अकरा जून सत्याहत्तर, मेलबर्न — रात्री साडेआठच्या कार्यक्रमाला नेव टुली स्टेजवर दोन तास उशिरा का आला?

गॅव्हिनने जन्मभर टपाल वाटलं, आता अक्कल वाटतो. "लिहून घे, टाईट होता!" मरे नावाचा दुसरा उसळला, "गप रे! गिटारवाल्याशी मारामारी झाली, म्हणून तर आवाज बसलेला." तिसरा म्हणाला, ड्रममध्ये साप निघाला. मग तासभर सापाची जात ठरवत बसले. नातवंडं असलेली माणसं ही!

मला सगळं ठाऊक आहे, उशीर सोडून. त्याच दिवशी सकाळी नऊला आम्ही आईला पुरलं. इथे, करी करीत. आणि एकुलता एक मुलगा त्या रात्री हजार किलोमीटरवर टाळ्या घेत होता. पेपरात फोटोसकट आलं होतं. त्या दिवसापासून तो मला मेला. पंच्याण्णव साली खरोखर मेला, तेव्हा मीही गेले नाही. फिटंफाट.

रविवार, ९ जून

मरे काउंटरवर रेलला. "काय गं बेरिल, तू तर इथलीच. नेवला कधी पाहिलंस का?"

"पाहिलंय की. शेंबडा होता."

त्याने ते वहीत उतरवलं! वर विचारतो, "साधारण कुठल्या साली?"

हसले. मग घरी येऊन हसू गेलं. नको ते आठवलं. आई गेली त्या दिवशी फोनवर मीच त्याला म्हटलं होतं — "तू येऊ नकोस. तुझ्यामागे फोटोवाले येतील, तमाशा होईल. स्मशानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलंस तर बघ!"

रागात माणूस बोलतं. म्हणून सख्खा भाऊ असं ऐकतो होय? आला असता, मी चार शिव्या दिल्या असत्या, मग शेजारी उभं केलं असतं. एवढं कळू नये? तो फक्त "बरं, बेरी" म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवार, १० जून

राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. वरातीचा मुक्काम वाढला. सॉस संपला, वाद नाही.

मंगळवार, ११ जून

निघता निघता लीअ‍ॅन नावाच्या बाईने जुना फोटो काढला. तिच्या मामाला गाड्यांचं वेड, त्याने नेवची गाडी दिसली म्हणून टिपलेला. मागे लिहिलंय — करी करी, ११ जून ७७, सकाळ. "तारीख चुकली मामाची," गॅव्हिन म्हणाला, "त्या दिवशी तो मेलबर्नला होता." लगेच पुढचा वाद सुरू, गाडी बहात्तरची की चौऱ्याहत्तरची!

मी हात पुसून फोटो घेतला. गाडीमागे स्मशानाचं कुंपण. कुंपणाच्या आत काळ्या कपड्यांतली माणसं, मधे शवपेटी, तिच्यापाशी, फाटकाकडे पाठ करून मी, शेजारणीचा कोट घातलेली. नेव फाटकाबाहेर उभा. मान खाली. इथून मेलबर्न, न थांबता तेरा तास.

"तारीख बरोबर आहे," मी म्हटलं.

गॅव्हिनने लगेच पेन उघडलं. "तुला कसं गं माहीत?"

"त्याला आत येऊ नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."