मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही

२ मार्च, सकाळ
काल लेकीचा फोन. शाळा संपली की परत न येता तिकडेच मावशीकडे राहून कॉलेज करू का, असं विचारत होती. मी स्पष्ट नाही म्हणालो. म्हणजे शब्द 'बघू' असा होता, पण सूर नाहीचा होता. तिला कळलं असणार. सतरा वर्षांची आहे, परदेशात आहे, पण अजून माझ्या शब्दाबाहेर नाही.
तिची आई गेल्यावर एका वर्षासाठी पाठवली होती, हवापालट म्हणून. एकाची दोन झाली. आता हवा पुरे.

५ मार्च
रविवारी फोनवर काय बोलायचं ते पक्कं केलं. आवाज चढवायचा नाही, पण जरब हवी. क्लासच्या वेळेत तालीम केली. माझा ड्रायव्हिंगचा क्लास असल्यामुळे दिवसभर बसूनच असतो, वेळ सत्कारणी लागतो. तालीम मनात करायची होती, ती तोंडातून बाहेर पडली. बास झाले तुझे लाड, मुकाट्यानं मागे फीर, असं खणखणीत म्हणालो. स्टिअरिंगवर शिकायला येणाऱ्या नर्सबाई होत्या. त्यांनी मुकाट्यानं रिव्हर्स टाकला आणि गाडी खांबावर घातली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि माझा पाय कायम त्यावर असतो. आज नेमका लेकीत गुंतलो होतो. मागचा दिवा फुटला.
पण एक सिद्ध झालं. माझ्या आवाजात जरब आहे.

८ मार्च, रविवार
फोन झाला. छान झाला. पोहायला शिकतेय म्हणाली. केस कापले म्हणाली. मी जेवलीस का विचारलं. ती तिकडे नुकतीच झोपेतून उठली होती. जरब वापरायला जागाच मिळाली नाही. पुढच्या वेळी सुरुवातीलाच वापरायची, म्हणजे राहून जाणार नाही.

१३ मार्च
पोरांना नुसत्या धाकानं आणता येत नाही, माया पण लावावी लागते. म्हणून तिची खोली रंगवायला काढली. पोपटी. तिचा जीव की प्राण रंग. पेंटर म्हणाला, साहेब, एवढा भडक नको, डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हटलं, मुलगी माझी की तुझी?

१५ मार्च, रविवार
रंगाचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, पोपटी मला नाही, आईला आवडायचा.
लाइन एकदम खराब झाली, त्यामुळे मला फोन ठेवावा लागला.
पेंटरला रंगाचा दुसरा हात देऊ नको म्हणून सांगितलं.

२० मार्च
नर्सबाई टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास. वर मलाच बोलल्या. सर, ब्रेक कायम तुम्हीच दाबता, टेस्टच्या गाडीत तुमचा पाय नसतो, मग मला कळणार कसं किती दाबायचं? अहो बाई, तो पाय आहे म्हणून हातीपायी धड आहात! लोक उपकार विसरतात. एक दिवस पाय वर घेऊन बसा, म्हणाल्या. बसलो. चौकापर्यंत.

२२ मार्च, रविवार
बोललो! फोन उचलल्या उचलल्या बोललो. तिकीट काढलंय, शाळा संपली की सरळ घरी यायचं, कारणं सांगायची नाहीत. ती बरं म्हणाली. रडणं नाही, भांडणं नाही, फक्त बरं. याला म्हणतात संस्कार. क्लासमध्ये सगळ्यांना चहा पाजला.
नंतर मेहुणीचा फोन आला. म्हणाली, भावजी, ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. हिला भांडणाशिवाय करमत नाही, पहिल्यापासून.

५ एप्रिल, रविवार
फोन. मी बोलत होतो, ती बरं म्हणत होती. आमच्यात एकमत वाढत चाललंय.

१८ एप्रिल
आली! विमानतळावर मी भलत्याच मुलीला हात केला. हिचे केस एवढुसे आणि उंची माझ्या कानाएवढी, ओळखणार कशी? येताना गाडीत भरपूर गप्पा झाल्या. नवीन सिग्नल कुठे बसवले, कुठला रस्ता वन-वे केला, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

२१ एप्रिल
अतिशय आज्ञाधारक झालीय. पंखा लावू का, विचारते. दूध घेऊ का, विचारते. आपली ताटली आपण धुते. अंथरुणाची घडी घालून भिंतीशी ठेवते. बॅगेतले कपडे अजून कपाटात लावलेले नाहीत, लागेल तेवढंच काढते आणि चेन लावून टाकते. टापटीप.
शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, पाहुणी किती दिवस आहे? काकूंना हल्ली नीट दिसत नाही.

२६ एप्रिल
आईचं कपाट उघडू का, असं विचारलं तिनं. म्हटलं, आत्ता नको. त्यावर अगदी सावकाश म्हणाली, तिकडे मावशी रोज आईबद्दल बोलते. आई लहानपणी कशी भांडायची, कशी बेसूर गायची. मी तिकडे त्यासाठी राहत होते, बाबा. इथे आईचं नाव काढलं की तुम्ही उठून बाहेर जाता.
मी म्हटलं, असं काही नाहीये. मग गाडीचं ऑइल बघायचं होतं म्हणून बाहेर गेलो.
ऑइल ठीक आहे.
आईचा विषय काढायचा नाही, हा नियम मीच घातला होता. तिच्याच भल्यासाठी. विषय निघाला नाही की रडू येत नाही. आणि थांबलंच की रडू. तिचं तरी.

२९ एप्रिल
दुपारी चहा घेऊन तिच्या दाराशी गेलो. आत फोनवर मावशीशी बोलत होती. आणि हसली. खो-खो, मध्येच नाकातून आवाज काढत. डिट्टो आई. पूर्वी या दोघी अशा हसायला लागल्या की मी ओरडायचो, जरा हळू, बातम्या ऐकू येत नाहीत.
दार वाजवलं असतं तर हसणं थांबलं असतं. म्हणून तसाच उभा राहिलो. चहा मीच प्यायलो. गार झाला होता. फार वाईट वाटलं. लिहितो आपलं, हे वाचतंय कोण.

१ मे
नर्सबाई आज चांगली चालवत होत्या. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, पाय कुठे होता आठवत नाही. म्हणजे माझं शिकवणं अखेर लागू पडलं.

२ मे
निर्णय घेतला. जेवताना कडक आवाजात सांगितलं. तू तिकडे जायचंस. कॉलेज तिथेच करायचं. उलट बोलायचं नाही.
घास हातात धरून बघत राहिली. खरंच का, म्हणाली. मग तुमचं काय, म्हणाली. म्हटलं, बापाला प्रश्न विचारायचे नाहीत. तेव्हा रडली. आल्यापासून पहिल्यांदाच. खूप रडली, आणि कडाकडा भांडलीसुद्धा. दोन वर्षांत एकदा तरी आईबद्दल बोलायचंत, मी एकटीनंच का आठवायचं तिला, असं बरंच काही.
मग तिनं आईचं कपाट उघडलं. मी बाहेर गेलो नाही. दारापर्यंत गेलो होतो, पण परत आलो.

९ मे
सोडून आलो. गळ्यात पडली. वेळेवर जेवत जा, म्हणाली. मी हो म्हणालो. मग ट्रॉली ढकलत आत गेली.
म्हणजे शेवटी काय, मी जा म्हणालो आणि ती गेली. बापाचा हुकूम इतका तंतोतंत पाळणारी पोरगी शोधून सापडायची नाही. फक्त आत जाताना एकदा मागे वळून बघ, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं.