धर्माधिकाऱ्याचा आवाज

माघ शु. ५, शके १८५१. रत्नागिरी
उत्सवाच्या नाटकात दुष्ट यंदाही माझ्याच गळ्यात. धर्माधिकारी. संत कोळ्याच्या तोंडावर देवळाचं दार लावतो तो. "तुमच्या भुवयाच तशा, भाऊराव," इति बापू. बापू स्वतः संत! दुकानात गिऱ्हाइकाशी धड बोलत नाही, पण दाढी चिकटवली की डोळे आपोआप पाणावतात. नाटक लिहिणाऱ्या मास्तरांनी माझ्या तोंडी नुसत्या डरकाळ्या घातल्यात आणि वाक्यागणिक गडगडाटी हास्य. मी कोर्टात कारकून. दारं लावणारी माणसं रोज बघतो. एकही गडगडाटी हसत नाही.

शु. ८
तालीम देवळाच्या सभामंडपात. सखाराम चांभार ढोलकी मढवून घेऊन आला. चुकून एक पाय पायरीवर. मुख्य पंच तात्या उठले. ओरडले नाहीत. उपरण्याचं टोक सारखं केलं, मान जरा कलती, आवाज सायीसारखा मऊ. "सखाराम, तू भला माणूस. तुझ्याच भल्यासाठी सांगतो हो. खाली ठेव." मग ढोलकीवर पाणी शिंपडून ती आत घेतली. सखाराम हसत होता. तसं हसणं मला जमणार नाही.
धर्माधिकारी सापडला. डरकाळ्या बाद.

शु. ११
काल प्रयोग. उपरण्याचं टोक, कलती मान, मऊ आवाज. "तुझ्याच भल्यासाठी सांगतो हो." बायकांत हुंदका, पाठोपाठ एक करवंटी माझ्या कानाजवळून गेली. पुढच्या रांगेत तात्या धाय मोकलून रडत होते. वाटलं, स्वतःला ओळखलं. कसलं! आत येऊन माझी पाठ थोपटली.
"इतका दुष्टपणा आणतोस कुठून रे?"
"इथूनच, तात्या."
मनापासून हसले.
एवढं शिकलो. दुष्टाला आपण दुष्ट वाटतच नाही. त्याला दुसऱ्याच्या दुष्टपणावर रडूसुद्धा येतं, आणि घरी जाऊन झोपही छान लागते.

शु. १२
मिरकरवाड्यावर म्हावरं आणायला गेलो. पारू कोळणीनं टोपली झाकली. "द्येवाच्या मानसाला भायेर ठेवलास. तुला न्हाय देत."
"अगो, नाटक ते."
"म्हाईत हाय. तरी न्हाय."
साऱ्या गावात हिचंच डोकं ठिकाणावर. तिकडे बापू बाजारात पाय पुढे करून आशीर्वाद देत हिंडतोय. दाढी न लावता!

शु. १३
पौर्णिमेला पुन्हा प्रयोग. सखाराम अंगणात येऊन उभा राहिला. म्हातारी आई, गेल्या खेळाला देवळाच्या दगडी गडग्याबाहेर बसून ऐकलं, दिसलं काही नाही. नजर जात चाललीय. एकदा आत बसून बघायचंय म्हणते. आधी बापूकडे गेला होता. संत म्हणाले, "मी काय करणार? पंचांना विचार."
"मग माझ्याकडे का आलास?"
"दार तुमच्याच हातात हाय ना, भाऊराव."
थट्टा होती की काय, कळलं नाही.

शु. १४
तात्यांकडे गेलो. बजावलं, म्हातारी मंडपात बसेल, नाहीतर मी तोंडाला रंग लावणार नाही. छळायला कुणी नसेल तर बापू संत कसा ठरतो, बघू. तात्यांचा हात उपरण्याकडे. "भाऊ, तुझ्याच भल्या..." पुढचं वाक्य मीच पुरं केलं, त्यांच्याच आवाजात, मान कलती करून. चेहरा खाडकन उतरला. इतक्या दिवसांत आज कळलं!
घरी हिला सांगितलं. "पोरीचं लग्न ठरायचंय," एवढंच म्हणाली. ताट वाढलं, समोर बसली नाही.

पौर्णिमा, दुपार
मास्तर येऊन गेले. जमिनीकडे बघत सांगितलं, धर्माधिकारी आज स्वतः तात्या करणार.
"आणि पाठांतर?"
"लागत नाही म्हणाले."
मी हसत सुटलो. मास्तर बिचारे बघत राहिले. त्यांच्या नाटकातली सर्वांत खरी ओळ त्यांना कळलीच नाही.
ही म्हणाली, मीही येते. मग म्हणाली, नको. आता पुन्हा पातळ बदलतेय.
दिवेलागणीला निघायचं, म्हातारीला घेऊन, पुढच्या दारानं. सखाराम मघा विचारून गेला. आई म्हणते, चपला कुठं काढायच्या? सगळे काढतात तिथंच, म्हटलं.
दारात तात्या उभे असतील, रंग लावून.