मासा वगळून जपानी

१ सप्टेंबर, सकाळी ६
आजपासून रोज पंचवीस जपानी शब्द. ७ डिसेंबरला एन-फाइव्ह परीक्षा. आठशे शब्द बत्तीस दिवसांत संपतात, मग नुसती उजळणी. पास झाले की बेंगळुरूला वृद्धांच्या सेवेचं ट्रेनिंग, मग जपान. अप्पांनी कबूल केलंय. नापास झाले तर वीरण्णामामाच्या डाळमिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं, हेही त्यांनीच ठरवलंय. तो प्रश्न येणार नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी.

४ सप्टेंबर
आने म्हणजे थोरली बहीण. अव्वाला, म्हणजे आईला, सांगितलं. कन्नडमध्ये आने म्हणजे हत्ती. अव्वा दिवसभर म्हणतेय, हत्ती जेवला का, हत्तीनं भांडी घासली का. या घरात शिक्षणाला आदर नाही.

८ सप्टेंबर
शी. आजची यादी: साकाना, मासा. निकु, मांस. तामागो, अंडं. ज्या हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करते, त्या हातानं हे लिहायचं? लिंग डाव्या हातावर घेते आणि लिहिते उजव्यानं, पण शरीर एकच. असे अकरा शब्द वगळले. आठशेत अकरा म्हणजे काहीच नाही.

१५ सप्टेंबर
वगळलेल्या शब्दांचं क्लासमधल्या राजश्रीला सांगितलं. आळंद गावची, बी.ए.पासून माझ्याबरोबर. म्हणाली, सुधा, शब्द खायाचे न्हाईत, पाठ करायचे हायत. मग विचारलं, तिथल्या म्हाताऱ्याला काय भरवणार हायस? वरण-भात, मी म्हणाले. तूर इथून नेता येईल. ती बौद्ध आहे. मी जात मानत नाही, आम्हा लिंगायतांच्या बसवण्णांनी ती नऊशे वर्षांपूर्वीच मोडली. फक्त तिच्या वहीला वास येतो असं वाटतं, म्हणून घेत नाही. तसं तिला सांगितलंसुद्धा. मनात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तिनं वही परत पिशवीत ठेवली. पटलं असणार.

६ ऑक्टोबर
आठशे व्हायला हवे होते. दोनशे दहा झाले. वगळायचे शब्द शोधण्यातच वेळ जातो. साके म्हणजे दारू, गेला. हायझारा म्हणजे सिगारेटची राख टाकायची ताटली, किळस. उमि म्हणजे समुद्र, तोही काढला. आत मासेच. कावा म्हणजे नदी, ती ठेवली. आपली भीमा पण नदीच आहे. शोकुदो म्हणजे खानावळ. आत काय शिजतं कुणाला माहीत. काढली.

१२ नोव्हेंबर
सराव परीक्षा. १८० पैकी ६१. लिंगराज सर वगळलेल्या शब्दांची पानं बघत बसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, सुधारानी, परीक्षा जपानची हाय, मठाची न्हाई. वर्ग हसला. सरांचा शिकवण्याचा पॅटर्न जुना आहे.

३० नोव्हेंबर
चारशे पस्तीस शब्द. पण शुद्ध.

६ डिसेंबर, बेंगळुरूच्या रेल्वेत
राजश्रीनं डबा उघडला. उकडलेली अंडी. अख्खा डबा घाण झाला, रेल्वेचा. एक अंडं सोलत म्हणाली, तामागो. मग मी वगळलेले बाकीचे शब्द म्हणायला लागली, माझ्याकडं बघत, सावकाश, एकेक. मी कान झाकले. वाडी स्टेशनपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

७ डिसेंबर, दुपारी ४
फार घाण पेपर. ऐकण्याच्या भागात, बाई दुकानात काय घेणार? चार चित्रं: मासा, मांस, अंडी, भाजी. मी भाजीवर खूण केली. पुढं माणूस हॉटेलात काय मागणार? भाजी. वाचायच्या उताऱ्यात एक कुटुंब कुठंतरी जातं, कशात तरी बसून काहीतरी खातं, आणि खूश होतं. खूश झालेलं मात्र नीट कळलं. पास होईन.

२३ जानेवारी
६६. पास व्हायला ८० लागतात. राजश्रीला १३२.
अव्वा म्हणाली, कामून रडायलीस, हत्ती कधी रडतेत का. अप्पांनी विचारलं, कशात गेलं? मी म्हणाले, मासळीत. त्यांना कळेना. सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझी आज्जी अंथरुणाला होती तवा डॉक्टरनं अंडं सांगितलं होतं. मीच गोठ्यामागं उकडून भरवायलो व्हतो, दोन महिने. हात धुतला की जातंय, पोरी. मग म्हणाले, पुढल्या आठवड्यापासून मिलला जा.
अप्पांच्या हाताकडं बघितलं. याच हातानं ते रोज लिंगपूजा करतात.

२ फेब्रुवारी
मिलमधून सुटून आळंदला राजश्रीकडं गेले. अंगावर सगळी तुरीची धूळ. ती बॅग भरत होती, उद्या बेंगळुरूला ट्रेनिंगला निघालीय. जुलैला पुन्हा परीक्षा देणार, तुझी वही देतीस का, असं विचारलं. ती आत गेली. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली, वर दोन घट्ट गाठी मारलेल्या. वास लागायचा तुला, म्हणाली. हसली नाही.
घरी आल्यावर गाठी सुटेनात. नखानं बघितलं, सुईनं बघितलं.
शेवटी दातानं सोडल्या.