नऊ वर्षांचं 'हो'

सोमवार, १२ एप्रिल २००४

भगवंतदादाने आज जाहीर करून टाकलं — यंदा जत्रेत आपल्या घोडीवर समृद्धी! स्वतःची पोरगी, नऊ वर्षांची. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, घोडी पुढे पळते अन् गाड्याचे बैल तिच्या मागे सुटतात. स्वार हलका, तर घोडी वेगात. म्हणून पोर हवं.

"तीच हो म्हनली. इचार की तिला!"

विचारलं. तिने मान हलवली, माझ्याकडे न बघता.

मीही नऊचाच होतो, त्याच घाटात घोडीवरून पडलो तेव्हा. बैल पायावरून गेले. एकतीस वर्षं लंगडतोय. अन् आण्णा, आमचे वडील, येईल त्या पावण्याला सांगतात, "सोताच हो म्हनला व्हता आमचा भरत. लई हट्टी!" मग मी कुठल्या तोंडाने बोलणार?

१३ एप्रिल

सराव सुरू. वहिनी दारात उभ्या राहतात, घोडी परत येईपर्यंत.

गुरुवार, १५ एप्रिल

आज जे वाचलं ते इथे उतरवल्याशिवाय चैन पडणार नाही.

घोडेगाव कोर्टात वृषाली वकीलबाईंचा कागद टाईप करत होतो. एका मुकादमाने दहा वर्षांच्या पोराला विहिरीच्या सुरुंगात दारू भरायला लावली. हात गेला पोराचा. मुकादमाचं म्हणणं काय, तर पोरगा राजी होता. बाई सांगत होत्या — "लिहा, बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच नव्हे." माझी बोटं थांबली.

"बाई, हे असं खरंच लिहिलंय?"

त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. दंडविधान, कलम नव्वद. तीन वेळा वाचलं. कायदा केव्हाचा? १८६०! म्हणजे माझ्या आण्णांचाही जन्म नव्हता तेव्हा कुणीतरी बसून विचार केला, की लहान पोराकडून मोठी माणसं 'हो' म्हणवून घेतील, ते धरायचं नाही. सोळा वर्षं टायपिंग करतोय, ही ओळ कधी हाताखालून गेली नाही. बाई म्हणाल्या, आता नवा कायदाही आहे, सांभाळणाऱ्यानेच पोराला धोक्यात घातलं तर त्याला सहा महिने.

एसटीत बसलो तरी अंगावर काटा होता. एवढी मोठी सरकारी भाषा, अन् तिच्यात एवढंसं पोर दिसलं कुणाला तरी!

शनिवार, १७ एप्रिल

सांगितलं दादाला. कलमासकट.

"सोताच्या भावावर केस करनार व्हय रं तू?"

"करीन. सोमवारी मंचरला पोलीस ठाण्यात जातो."

"अन् तूबी हो म्हनला व्हतास, त्याचं काय?"

"तेसुद्धा धरायचं नाही, दादा."

बोलून गेलो, अन् मलाच रडू कोसळलं. चाळिशीतला माणूस! आण्णा खाटेवर बसून ऐकत होते. उठले आणि गोठ्याकडे गेले.

नंतर समृद्धी हळूच आली. "काका, माझं हो धरत न्हाईत. मंग न्हाई म्हनलं तर धरत्यात का?"

हे मी बाईंना विचारलंच नव्हतं. म्हणालो, "मी धरतो."

"मंग न्हाई," म्हणाली अन् पळाली.

१८ एप्रिल

तक्रारीचा कागद तयार. दादाचं नाव टाईप करताना दोनदा चुकलो.

सोमवार, १९ एप्रिल

सकाळी एसटीसाठी निघालो तर आण्णा ओट्यावर आडवे आले. "जाऊ नगं. पोरगी बसनार न्हाई. भगवंताला सांगितलंय म्या, माझी आन घातलीय." मी वळलो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"तू हो म्हनलाच नव्हतास, भरत. रडत व्हतास. म्याच उचलून चढवला तुला."